चिठ्ठीपलीकडचा फिजिओथेरपिस्ट

परदेशी जायचं ठरवलेल्या फिजिओथेरपिस्टचे प्रश्न ठरलेले असतात. परीक्षा कोणती, आयईएलटीएसला किती बँड लागतात, एकूण खर्च किती, व्हिसा कधी मिळेल. हे प्रश्न रास्तच आहेत, कारण त्यांत बँकेचं कर्ज आणि घरच्यांची उमेद गुंतलेली असते. पण माझ्या मते या यादीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतच नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पेशंट थेट समोर येऊन बसला, तर त्याच्याबद्दलचा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेण्याची तयारी आहे का? देश बदलला की पगार बदलतो, हवा बदलते. पण या व्यवसायात सर्वांत खोलवर बदलते ती जबाबदारी. ज्याने तिची तयारी इथेच केली, त्याला बाकीच्या अडचणी सोसवतात. ज्याने केली नाही, त्याची परीक्षा नोकरी लागल्यानंतर सुरू होते.

देशोदेशीचे नियम आधी थोडक्यात. ऑस्ट्रेलियात कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा आणि मग क्लिनिकल परीक्षा. अमेरिकेत पदवीची विषयवार तुलना, एनपीटीई ही परीक्षा आणि प्रत्येक राज्याचं वेगळं लायसन्स. कॅनडात पदवीची पडताळणी आणि परीक्षा. ती पार पडेपर्यंत अनेक जण असिस्टंट म्हणून काम करतात. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सरसकट परीक्षा नाही. एचसीपीसी ही नियामक संस्था शिक्षण आणि अनुभवाचे पुरावे तपासून नोंदणी देते. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. तिथली ‘ॲडव्हान्स्ड फिजिओथेरपी’ची एमएससी केली म्हणजे नोंदणी मिळाली असं होत नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेकांचे पैसे आणि वर्षं हातची जातात.

आता ब्रिटनकडेच जरा नीट पाहू, कारण माझा मुद्दा तिथल्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसतो. 1894 साली मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवरून लंडनमध्ये गदारोळ उठला. आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठी चार परिचारिकांनी संस्था काढली. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मसाज करायचा नाही, हा तिच्या सुरुवातीच्या नियमांपैकी एक. 1920 साली तिला राजसनद मिळाली. आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी ती हीच. डॉक्टरांच्या आज्ञेचं हे बंधन सुटायला मात्र 1970चं दशक उजाडावं लागलं. पुढे 2013 साली योग्य प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टना स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. आज तिथल्या कित्येक दवाखान्यांत कंबर धरलेला माणूस आधी फिजिओथेरपिस्टलाच भेटतो. हा हक्क मिळवायला तिथल्या लोकांना जवळपास शतक लागलं. आपल्याकडून जाणारी मुलं त्या हक्कापर्यंत एका विमानप्रवासात पोचतात, पण त्यासोबत येणाऱ्या जबाबदारीचं ओझं कुणी त्यांना नीट समजावून सांगत नाही.

हे ओझं प्रत्यक्षात कसं असतं ते कंबरदुखीतच पाहावं. पाठीतून पायात कळ जाणारा पेशंट येतो. बहुतेकांना चिंतेचं कारण नसतं, पण क्वचित एखाद्याच्या मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असतो. याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. कळ दोन्ही पायांत आहे का? जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आहे का? लघवी सुरू व्हायला त्रास होतो का, किंवा झालेली कळत नाही का? शौचावरचा ताबा, लैंगिक संवेदना बदलली आहे का? हे प्रश्न संकोच न करता, पेशंटला समजतील अशा शब्दांत विचारावे लागतात. उत्तर संशयास्पद असेल तर त्याच दिवशी एमआरआयसाठी पाठवावं लागतं, कारण उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो. सगळं ठीक असलं, तरी पुढे कोणती लक्षणं दिसली तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं, हे सांगावं लागतं आणि सांगितल्याची लेखी नोंद ठेवावी लागते.

आता आपल्याकडची नेहमीची चिठ्ठी आठवा: शॉर्टवेव्ह, आयएफटी, ट्रॅक्शन, दहा दिवस. पेशंटच्या भाषेत, शेक आणि वजन. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 साली कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंड, टेन्स आणि आयएफटी देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. भर आहे तो व्यायामावर आणि पेशंटला समजावून सांगण्यावर. म्हणजे ज्या यंत्रांवर इथल्या ओपीडीत दिवस जातो, त्यांतली बहुतेक यंत्रं कंबरदुखीसाठी तिथे वापरायचीच नसतात. मग शिल्लक राहतं ते नेमकं तपासणं, तर्क करणं आणि ठरवणं.

यावर पहिला आक्षेप असा की, आपल्या मुलांनी सरकारी रुग्णालयांत जितके पेशंट हाताळलेले असतात तितके तिथल्यांनी पाहिलेलेही नसतात. हे खरं आहे आणि तो हाताचा सराव मोलाचा आहे. पण शंभर पेशंटना ठरवून दिलेले उपचार देणं आणि दहा पेशंटचे उपचार स्वतः ठरवणं, यांतून येणारा अनुभव वेगळा असतो. दुसरा आक्षेप पाठांतराच्या बाजूने येतो: आधी परीक्षा सुटू दे, बाकीचं तिथे शिकता येईल. त्याला उत्तर अमेरिकेत मिळालं आहे. प्रश्न पाठ करून पुढच्यांना पुरवण्याच्या प्रकारांमुळे 2010 साली भारत, पाकिस्तान, इजिप्त आणि फिलिपाइन्सच्या पदवीधरांसाठी एनपीटीई थांबवली गेली; पुढे त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा आली. काहींच्या शॉर्टकटची किंमत प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या असंख्य मुलांनी मोजली. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: इथे निर्णय घेऊच देत नाहीत, तर तयारी करायची कुठे? पण 2021च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे काम करू शकतो असं नमूद आहे. कायदा पुढे गेला, सवय मागे राहिली. आणि विचार करायला तर कुणाचीच परवानगी लागत नाही. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, पेशंटला पूर्ण तपासावं, आपलं निदान वहीत मांडावं, कारण लिहावं आणि दोन आठवड्यांनी ते पडताळून पाहावं. इंटर्नशिपमध्ये अशी वही भरली, तर परदेशातल्या मुलाखतीत विचारलेल्या केसचं उत्तर पाठ करावं लागणार नाही.

अशी तयारी करवून घेतली तर मुलं देश सोडून जातील, असंही म्हटलं जातं. मला उलट वाटतं. निर्णय घेता येणारा फिजिओथेरपिस्ट लीड्सला जितका हवा आहे, तितकाच लातूरलाही हवा आहे. कॉलेजांनी आजपासून केस-चर्चेला यंत्रांच्या प्रॅक्टिकलइतका वेळ द्यावा. जाणारे सन्मानाने जातील, आणि राहणाऱ्यांकडे येणाऱ्या पेशंटचं दुखणं वेळेत ओळखलं जाईल.