मोरचुदाचा डाग

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्षबागाईतदाराच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटांच्या थप्पीमागे, फवारणीच्या जुन्या पंपाला टेकून उभी असलेली राजदूत ३५० मी प्रथम पाहिली, तेव्हा तिच्या इंजिनाच्या डाव्या अंगावर निळसर-हिरवा जो थर चढला होता तो बुरशीचा असावा असा माझा समज झाला. वस्तुतः तो मोरचुदाचा होता. द्राक्षावरील केवडा रोगाच्या निवारणार्थ मोरचूद आणि चुना यांचे जे बोर्डो मिश्रण आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या फवारले जाते, त्याच्या पिंपांच्या शेजारी ही गाडी कित्येक पावसाळे उभी होती. तांब्याचे क्षार आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे तर हाडवैर: किंचित ओलावा मिळाला की तांबे येऊन बसते आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळून वाट देते. नखाने थर खरवडला तेव्हा खाली धातू नव्हताच, पांढरी भुकटी होती, आणि तिच्याखाली देवीच्या वणांसारखे खड्डे होते.

गाडी घेणारे गृहस्थ हयात नव्हते. त्यांच्या चिरंजीवांनी मोठ्या अदबीने चहा दिला, आणि शेवटी म्हणाले, "काका, न्या तुम्ही. भंगारवाल्याला द्यायला हात होत नाही, आणि चालू करायला जमत नाही."

आजच्या तरुण वाचकास या गाडीची महती कळावयाची असेल तर १९८०च्या आसपासचा काळ ध्यानात आणावा लागेल. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो जमाना होता, आणि भक्कम मोटरसायकल म्हणजे १८ अश्वशक्तीची ३५० सीसी बुलेट असे समीकरण होते. अशा वेळी, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली १७५ सीसी राजदूत खेडोपाडी विकून दूधवाल्यांची आणि शेतकऱ्यांची मर्जी संपादन केलेल्या फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने, जपानच्या यामाहा कंपनीची आरडी ३५० ही गाडी १९८३ साली आपल्या राजदूत नावाखाली रस्त्यावर आणली. ६४ मिलिमीटर व्यासाची आणि ५४ मिलिमीटर धावेची दोन सिलिंडरे, एकूण ३४७ सीसी, दोन धावांचे म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, आणि आरंभीच्या 'हाय टॉर्क' गाडीस ३०.५ अश्वशक्ती! किंमत अठरा हजारांच्या आसपास, आणि पेट्रोलची भूक अशी की हौशी गिऱ्हाइकही पंपावर पाकीट काढताना कचरत असे. कंपनीने पुढे शक्ती उतरवून 'लो टॉर्क' आवृत्ती काढली, परंतु दशक सरता सरता या गाडीचा अवतार समाप्त झाला.

एक गोष्ट मात्र मी या गाडीचा भक्त असूनही नमूद करतो. मूळ जपानी गाडीच्या पुढच्या चाकास डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे तो काढून ड्रम बसविण्यात आला. इंजिन दिले शर्यतीचे आणि लगाम दिला टांग्याचा. जिवावर बेतणारी गाडी म्हणून तिचा जो लौकिक झाला, त्यातील निम्मे पाप तरी या काटकसरीच्या माथी मारले पाहिजे.

पाना हाती घेण्यापूर्वी दप्तराचे काम उरकावे, हा माझा सर्वांना आग्रहाचा सल्ला आहे. इंजिन नवेकोरे झाले, रंग चकाकला, आणि मग कळले की कागद जुळत नाहीत, अशी फजिती झालेले इसम मला ठाऊक आहेत. मूळ मालक मयत असल्यास प्रथम वारसाच्या नावे फॉर्म ३१ने हस्तांतर, तदनंतर खरेदीदाराच्या नावे फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतील असल्यास फॉर्म २८चा ना-हरकत दाखला, आणि पंधरा वर्षांची मुदत संपलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५, असा हा शिरस्ता आहे. नूतनीकरण पाच वर्षांचे होते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांकरिता 'व्हीए' अक्षरांची निराळी नोंदणी सुरू केली खरी, परंतु १९८३ नंतर जन्मलेल्या गाडीला त्या मानाच्या पंक्तीत बसण्यास अद्याप अवकाश आहे. पेठ रोडवरील परिवहन कार्यालयात चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली जाते आणि काळ्या छटेतून पांढरे आकडे हळूहळू उमटू लागतात, तो क्षण मला अजून आठवतो. म्हणूनच सांगतो: सांगाडा घासताना किंवा रंगविताना त्या आकड्यांवर सँडपेपर चालवू नये. पुसट झालेला नंबर म्हणजे नसलेला नंबर.

गाडी उकलण्याचे काम मी गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या पार्किंगमध्ये केले. प्रत्येक बोल्ट सुट्या डबीत, डबीवर चिठ्ठी, आणि उकलण्यापूर्वी छायाचित्र, एवढी शिस्त पाळली की निम्मे काम झाले असे समजावे. इंजिनाच्या बाजूच्या झाकणांना फुलीच्या खाचेचे स्क्रू असतात. ती खाच जपानी मापाची असल्याने आपल्याकडचा साधा स्क्रू-ड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही आणि जोर लावताच खाच गोल करून टाकतो. तिथे हातोडीच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हरच हवा. माझा एक स्क्रू तरीही तुटला आणि निम्मा आतच राहिला. सातपूरच्या एका लेथवाल्याने मला जुना तोडगा सांगितला: ते झाकण तुरटीच्या कढत पाण्यात ठेवा. तुरटी लोखंड खाते, अ‍ॅल्युमिनियमला फारसा धक्का लावत नाही. दोन दिवस मंद आचेवर, अधूनमधून नवे पाणी घालून ते झाकण मी उकळले. तिसऱ्या दिवशी स्क्रूच्या जागी काळा गाळ होता आणि आटे शाबूत होते. पातेले मात्र घरात परत घेण्यास सौभाग्यवतींनी साफ नकार दिला.

टू-स्ट्रोक इंजिनाचे मर्म पिस्टनाच्या वर नसून खाली आहे. पेट्रोल-हवेचे मिश्रण प्रथम पिस्टनाखालच्या क्रँकच्या पेटीत येते, तिथे दाबले जाते, आणि मग बगलेच्या वाटेने वर सिलिंडरात चढते. अर्थात ती पेटी हवाबंद नसेल तर इंजिनाला श्वासच घेता येत नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांना जे रबरी सील असतात ते गाडी उभी राहिली की वाळून दगड होतात. क्लचकडील उजवा सील गेला तर गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात, निदान रोग दिसतो तरी. डावीकडचा, पॉईंटांच्या आणि डायनामोच्या मागचा सील गेला तर मात्र बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरळ होते, गाडी अधिकच तडफेने पळू लागते, स्वार खूश होतो, आणि मग पिस्टन वितळतो. भद्रकालीतील ज्या वृद्ध मिस्त्रींना मी गुरू मानतो, त्यांनी इंजिनास हात लावण्यापूर्वी एवढेच विचारले, "काका, सील बदलले? नाही ना? मग रंगाचं काय विचारता?"

क्रँक दाबून बसविलेली असते, म्हणून ती उघडणे आणि शतांश मिलिमीटराच्या हिशेबात पुन्हा सरळ करणे हे घरी करण्याचे काम नव्हे. ते प्रेस असलेल्या कारागिराकडेच सोपवावे. सिलिंडरांचे बोअरही तसेच. पिस्टन आणि सिलिंडर यांतील मोकळीक केसाच्या जाडीहून कमी असते, आणि बोअर करणाऱ्याच्या हाती नवा पिस्टन आधी देऊन मगच सिलिंडर कापवून घ्यावे. नंतर पिस्टन शोधत फिरणे म्हणजे वहाण आधी शिवून पाय मागाहून मापण्यासारखे आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशकात असे हात पुष्कळ आहेत, हे आपले भाग्य. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली उठविला तेव्हा शहराचे रूप सुधारले असेल, माझ्यासारख्यांचे मात्र एक ग्रंथालय गेले.

घरी करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि खरा आनंद त्यातच आहे. टाकीतील गंज मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि बॅटरी चार्जरने काढला: टाकीला ऋण टोक, आत टाकीला न टेकेल अशा बेताने लोंबत सोडलेल्या लोखंडी सळईला धन टोक. पेट्रोलचा अंश राहणार नाही इतकी टाकी आधी धुवावी आणि हे काम उघड्यावर करावे, कारण निघणारा वायू स्फोटक असतो; सळई स्टेनलेसची नसावी, तिच्यातून विषारी द्रव्य उतरते. कार्बोरेटरचे जेट पितळी. आमच्या नाशकाला पितळेची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. भांडी बाजारातील तांब्या ज्या चिंचेने उजळतो तिच्याच कोळात मी जेट रात्रभर ठेवले. मात्र जेटच्या छिद्रात तार घालू नये. छिद्र तिळभर मोठे झाले की मापच बदलते. झाडूची मऊ काडी आणि फुंकर पुरे. रबरी नळ्या आणि वॉशर सगळे नवे घालावेत, कारण हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरास फुगविते आणि हवेतले पाणी ओढून टाकीत पुन्हा गंज धरविते.

आता थोडे रंगाविषयी, कारण माझे आणि बहुतेक हौशी मंडळींचे मतभेद इथेच होतात. जीर्णोद्धार हा शब्द नाशिककरास देवळांमुळे परिचित आहे. जुन्या लाकडी देवळाच्या जागी अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळारामाचे पाषाणी मंदिर उभारले. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. त्या पिढीच्या लेखी जीर्णोद्धार म्हणजे जीर्णास निरोप देऊन भव्य नव्याची स्थापना. देवाच्या बाबतीत ते शोभते, कारण देव तोच राहतो. यंत्राच्या बाबतीत शरीर हेच यंत्र; सगळेच नवे घातले तर उरले काय? क्रोमचा आरसा केलेली, कारखान्यातही कधी नव्हती इतकी चकाकणारी गाडी पाहिली की मला लग्नातल्या भाड्याच्या घोड्याची आठवण होते. म्हणून मी सील, बेअरिंगे, पिस्टन, ब्रेकचे लायनर, आरे, टायर आणि तारा, म्हणजे ज्यांवर जीव अवलंबून आहे ते सर्व, नवे घातले; टाकीचा मूळ रंग, तिच्या उजव्या बाजूचा पोचा आणि झाकणावरचे मोरचुदाचे खड्डे तसेच ठेवले.

आणि तरीही चूक झालीच. या गाडीत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही. वेगळ्या डब्यातील तेल एक पंप थेट इंजिनात सोडतो, आणि पंप उघडून जोडला की त्याच्या नळीतील हवेचा बुडबुडा एका छोट्या स्क्रूवाटे काढून टाकावा लागतो. मी तो काढला नाही. पहिल्या फेरीस त्र्यंबक रोडने निघालो, थंडीची सकाळ होती, इंजिन सुरेल वाजत होते, आणि महिरावणीच्या अलीकडे तो आवाज एकाएकी चिरका झाला. मागचे चाक लॉक झाले. हाताने आपसूक क्लच दाबला म्हणून रस्त्यावर उभा राहिलो, पडलो नाही. छोट्या हत्तीत घालून गाडी घरी आणली. सिलिंडर उघडल्यावर डाव्या पिस्टनावर उभे चरे दिसले. पुढल्या मापाचा पिस्टन, पुन्हा बोअर. मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे औदार्य. एवढेच म्हणाले, "पहिली टाकी लिटरला पन्नास मिली तेल घालूनच भरायची, पंपावर विश्वास बसेपर्यंत."

दुसऱ्या खेपेस ती टाकी मी तशीच भरली. निळ्या धुराने शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. महिन्याभराने पिंपळगावला गाडी दाखवायला नेली तेव्हा ऑक्टोबर छाटणी आटोपून बागेत फवारणी चालू होती, चिरंजीव निळे हात पुसत आले, त्यांनी टाकीच्या पोच्यावर अंगठा ठेवला आणि विचारले, "हा का नाही काढला?" मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी किक मारली. गाडी दुसऱ्या किकेला सुरू झाली, आणि मी त्यांना आधी गाडी पंपापासून दूर घ्यायला सांगितले.