कागदावरचं अठरावं वर्ष

भिवंडीत कांडी भरायला बसलेल्या पोराला वय विचारलं, तर 'अठरा' असं पढवलेलं उत्तर मिळू शकतं. विचारणाऱ्यालाही ते खरं वाटत नाही. बालसैनिकांची गोष्टही अशाच खोट्या आकड्यापासून सुरू होते.

ब्रह्मदेशाचं, म्हणजे म्यानमारचं उदाहरण घ्या. १९६२ पासून तिथे कितीतरी वर्षं लष्कराची सत्ता होती. सैन्यभरतीचं किमान वय कायद्याने अठरा. पण फौज वाढत होती आणि आपणहून येणारे कमी होते. मग भरती करणारे शिपाई आणि दलाल रेल्वे स्टेशनवर, बाजारात, चहाच्या दुकानात एकटी पोरं हेरत. ओळखपत्र नसलं की धमकी एकच: तुरुंगात जा, नाहीतर सैन्यात ये. प्रत्येक पोरामागे रोख पैसे आणि तांदूळ मिळे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्याही अर्जावर 'अठरा' लिहिलं जाई. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २००२ आणि २००७ मध्ये हे सारं नोंदवलं. प्रशिक्षणात मारहाण होई, घरी निरोप धाडता येत नसे. पळून जाताना सापडलेल्याला जबर शिक्षा होई.

२०१२ मध्ये तिथल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांशी करार केला आणि शेकडो मुलं घरी परतली. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. २०२४ मध्ये सक्तीची भरती सुरू झाली. मुलांना ओढून नेण्याच्या घटना त्यानंतरही नोंदल्या गेल्या.

हे फार दूरचं आहे असं समजू नका. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये माओवाद्यांचे 'बाल संघम' होते. २००८ च्या एका अहवालानुसार त्यांत सहा ते बारा वर्षांची मुलं असत. आधी गाणी आणि घोषणा, मग पोलिसांच्या हालचालींची खबर, आणि मोठेपणी दलम. दुसऱ्या बाजूला, छत्तीसगड सरकारने नेमलेल्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांतही अल्पवयीन मुलं आढळली होती. भरती करणारे बदलले, पोरं मात्र त्याच गरीब घरांतली.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, केंद्र सरकारने जाहीर केलेल्या सशस्त्र संघटनेने मूल भरती केलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. पण वय ठरवायचं कसं? त्याच कायद्यात क्रम दिला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी.

म्हणून बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांत करा. राहून गेली असेल तर उशिराही करता येते. परगावाहून यंत्रमागावर आलेल्या शेजाऱ्याला हे सांगा, त्याच्या मुलाचं नाव शाळेत घाला. खरं वय कागदावर असलं, तर 'अठरा' म्हणणाऱ्याला कुणीतरी खोटं पाडू शकतं.