निर्धूर चूल
निर्धूर चूल म्हणजे धूर धुराड्यावाटे घराबाहेर सोडणारी, सरपणावर चालणारी बंदिस्त चूल होय. उघड्या चुलीची बरीच उष्णता वाया जाते व धूर घरात कोंडल्याने स्त्रिया आणि बालकांना श्वसनविकार जडतात. म्हणून केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

निवड : जालना जिल्ह्यात कपाशीच्या पऱ्हाट्या व तुराट्या हे शेतातील सरपण होय. ते भराभर जळत असल्याने वारंवार सारता येईल असे चुलीचे तोंड सोयीचे ठरते. चुलीचे व वैलाचे भोक नेहमीच्या भांड्यांच्या मापाचे असावे लागते. धुराडे छपरावर काढून त्यातील काजळी नियमित झाडणे आवश्यक असते. धुराडे तुंबल्यास धूर आणि गंधहीन, प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड वायू घरातच साठतो.