आखाताला दार एकच

पर्शियन आखात हा तसा लहानसा समुद्र. लांबी जेमतेम हजार किलोमीटर आणि सरासरी खोली पन्नास मीटरपेक्षाही कमी. नकाशा उघडून पाहिला, तर ईशान्येकडचा सगळा किनारा एकट्या इराणचा आहे. समोर अरब देशांची रांग आहे. वरच्या टोकाला इराक, मग कुवेत, सौदी अरेबिया, बहरीन हे बेट, कतार हा द्वीपकल्प आणि संयुक्त अरब अमिराती. आठवा देश ओमान. त्याचा मुसंदम हा डोंगराळ तुकडा मुख्य भूमीपासून वेगळा पडून नेमका आखाताच्या तोंडाशी आला आहे.

तेल सापडण्यापूर्वी अरब किनाऱ्यावरची बरीच गावे मोत्यांवर जगत. हे मोती विक्रीसाठी मुंबईच्या बाजारात येत. आपला रुपयाही तेथे चलन म्हणून चाले. १९५९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. इराणमध्ये १९०८ साली तेल लागले, बहरीनमध्ये १९३२ साली, तर कुवेत आणि सौदी अरेबियात १९३८ साली. जपानी संवर्धित मोत्यांमुळे मोत्यांचा धंदा बसत असतानाच हे नवे उत्पन्न हाती आले.

ही संपत्ती सर्वांना सारखी मिळालेली नाही. घवार हे प्रचंड तेलक्षेत्र सौदी अरेबियाचे. जगातील सर्वांत मोठे वायुक्षेत्र कतार आणि इराण यांच्यात समुद्राखाली विभागले गेले आहे. दुबईकडे तेल थोडेच. म्हणून तिने बंदर, विमानतळ आणि व्यापार वाढवला.

पण या समुद्रातून बाहेर पडण्याची वाट एकच, होर्मुझची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद ठिकाणी ती चाळीस किलोमीटरही रुंद नाही. २०२४ मध्ये येथून रोज सुमारे दोन कोटी पिंपे तेल बाहेर गेले, म्हणजे जगाच्या वापराचा जवळजवळ पाचवा हिस्सा. सौदी अरेबियाने तांबड्या समुद्रावरील यनबू बंदरापर्यंत नळ टाकले आहेत. अमिरातीचा नळ २०१२ पासून सामुद्रधुनीबाहेरच्या फुजैराला जातो. मात्र हे दोन्ही मार्ग मिळूनही सगळ्या तेलाला पुरे पडत नाहीत. कुवेत, कतार आणि बहरीन यांना तर आखाताबाहेर स्वतःचा किनाराच नाही. कतारचा द्रवरूप वायू जहाजांतून याच वाटेने जातो. वाळवंटी देश असल्याने त्यांचे बरेचसे धान्यही याच वाटेने आत येते.

म्हणूनच इराण-इराक युद्धात, विशेषतः १९८४ नंतर, तेलवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा साऱ्या जगाने धसका घेतला. आपल्यालाही त्यातून सुटका नाही. २०२४ मध्ये भारताने आयात केलेल्या स्वयंपाकाच्या गॅसचा फार मोठा भाग आखाती देशांतूनच आला. होर्मुझमध्ये गडबड झाल्याची बातमी येते, तेव्हा ती दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. तिचा संबंध आपल्या ओट्याखालच्या सिलिंडरशी असतो.