वृत्तपत्राभोवतीचे कुंपण आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय

वृत्तपत्र विकत घेणे ज्यास परवडत नाही त्याने ते वाचनालयात जाऊन वाचावे, ही व्यवस्था महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. अशा संस्थांत पुस्तक घरी नेण्यासाठी वर्गणी भरावी लागे. परंतु वृत्तपत्रांच्या टेबलाशी येऊन बसणाऱ्याला सहसा कोणी हटकीत नसे. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनीही हीच रीत स्वीकारली. अंक एक, त्याची किंमत एकदाच भरलेली, आणि दिवसभरात तो वाचणारे पन्नास, या साध्या हिशेबावर कित्येक पिढ्यांतील शिक्षकांचे, कारकुनांचे आणि विद्यार्थ्यांचे सार्वजनिक शिक्षण झाले. वृत्तपत्र कागदावरून संगणकाच्या पडद्यावर गेले आणि हा हिशेब मोडला. तो पुन्हा कसा जुळवावयाचा, हा प्रश्न आज जगभरच्या ग्रंथालयांपुढे उभा आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांनी त्याचे जे उत्तर शोधले, त्यातील गुण आणि दोष दोन्ही येथे अभ्यासण्याजोगे आहेत.

कुंपण का पडले?

कागदावरचा अंक ही वस्तू असते. ती विकत घेणाऱ्याच्या मालकीची होते. पडद्यावरच्या वृत्तपत्राचे तसे नाही. तेथे विकला जातो तो वाचण्याचा परवाना, आणि तो सामान्यतः एका व्यक्तीच्या नावे दिलेला असतो. आरंभीच्या काळात जाहिरातींच्या उत्पन्नावर भिस्त ठेवून बहुतेक वृत्तपत्रांनी इंटरनेटवरील मजकूर सर्वांस खुला ठेवला होता. पुढे जाहिरातींचा मोठा वाटा गूगल आणि फेसबुक यांसारख्या कंपन्यांकडे गेला आणि वृत्तपत्रांना वाचकाकडेच हात पसरणे भाग पडले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने १९९० च्या दशकातच इंटरनेटवरील वाचनासाठी शुल्क लावले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेखांपलीकडील वाचनावर शुल्क बसविले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१३ मध्ये तोच मार्ग धरला, मात्र शाळा-महाविद्यालयांतून वाचणारे विद्यार्थी व शिक्षक यांना त्या वेळी त्याने या शुल्कातून वगळले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

या शुल्काला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. बातमीदाराचा पगार, न्यायालयीन लढायांचा खर्च, जिल्ह्याजिल्ह्यांतील वार्ताहरांचे जाळे हे काही वाऱ्यावर उभे राहत नाही. प्रश्न शुल्क असावे की नसावे, हा नाहीच. वाचनालयातील एका अंकावर ज्यांचे वाचन अवलंबून होते त्या पन्नास जणांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयांचा मार्ग

विद्यार्थ्यास वृत्तपत्र मिळवून देणे हे महाविद्यालयाचे काम आहे, ही कल्पना अमेरिकेत पडद्यावरील कुंपणाच्या आधीच रुजली होती. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने १९९७ मध्ये आपल्या वसतिगृहांतून विद्यार्थ्यांसाठी रोजची वृत्तपत्रे ठेवण्याची योजना सुरू केली आणि पुढे ती शेकडो विद्यापीठांत पसरली. कागदी अंकांचा जमाना सरू लागला, तशी हीच जबाबदारी बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयांनी वेगळ्या रूपाने उचलली. संपूर्ण महाविद्यालयासाठी एकच सामूहिक परवाना विकत घ्यावयाचा, विद्यार्थ्याने वा शिक्षकाने महाविद्यालयाने दिलेल्या ईमेलच्या पत्त्यावरून आपले खाते उघडावयाचे आणि ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावयाचे, अशी ही पद्धत आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ ही दोन्ही वृत्तपत्रे असे परवाने देतात.

दुसरा मार्ग वृत्तसंग्रहांचा. प्रोक्वेस्ट किंवा नेक्सिस यांसारख्या सेवांतून शेकडो वृत्तपत्रांतील लेखांचा मजकूर विषयवार शोधता येतो. मात्र त्यात अनेकदा छापील पानाची मांडणी व छायाचित्रे दिसत नाहीत. कॅनडातील व्हँकूव्हर येथील प्रेसरीडर ही सेवा उलट छापील पानच जसेच्या तसे दाखविते. संशोधन करणाऱ्यास पहिला प्रकार उपयोगी, तर रोजचा अंक वाचू इच्छिणाऱ्यास दुसरा.

घरी बसलेला विद्यार्थी हा आपल्याच महाविद्यालयाचा आहे, हे या सेवांना कळावे कसे? अॅरिझोना राज्यातील एका कम्युनिटी कॉलेजचे ग्रंथपाल क्रिस झॅगर यांनी १९९९ मध्ये यावर ‘ईझीप्रॉक्सी’ नावाची प्रणाली तयार केली. विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या दुव्यावरून आत यावे, आपले नाव व परवलीचा शब्द द्यावा, आणि पुढील सेवेला तो ग्रंथालयाच्या इमारतीतच बसला आहे असे दिसावे, अशी ही युक्ती होय. ती जगभर वापरली गेली. मोठ्या संशोधन विद्यापीठात नव्हे, तर एका लहान महाविद्यालयात, एका ग्रंथपालाच्या रोजच्या अडचणीतून ती निघाली, हे विशेष.

तथापि सोय असणे वेगळे आणि ती वाचकाला माहीत असणे वेगळे. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर कुंपण आडवे येते तेव्हा ‘वर्गणी भरा’ एवढेच तेथे लिहिलेले असते. ‘तुमच्या ग्रंथालयाने ती भरली असेल’ असे लिहिलेले नसते. साहजिकच अनेक विद्यार्थी परत फिरतात, किंवा जे आधीच विकत घेतलेले आहे तेच स्वतःच्या खिशातून पुन्हा विकत घेतात. ग्रंथपालाने प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात सांगावयाची आणि प्राध्यापकाने वर्गात पुन्हा सांगावयाची अशी ही गोष्ट आहे.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थ

या सवलतीला ‘मोफत’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण तो शब्द दिशाभूल करणारा आहे. परवान्याची रक्कम महाविद्यालय भरते, आणि महाविद्यालयाचा पैसा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून वा करदात्याच्या खिशातून येतो. तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नसून सामुदायिक खरेदी आहे, आणि खरेदी करणाऱ्याने माल पारखून घेतला पाहिजे.

पारखताना पहिली उणीव दिसते ती मुदतीची. पदवी हाती पडली की महाविद्यालयाचे खाते बंद होते आणि वाचनही थांबते. ज्या वयात नागरिक म्हणून वृत्तपत्राची गरज वाढते त्याच वयात ते हातातून काढून घेतले जाते. दुसरी उणीव वाचकाच्या खासगीपणाची. वाचनालयाच्या टेबलाशी कोणी कोणती बातमी वाचली याची नोंद कोठेही होत नसे. वाचकाविषयीची माहिती ग्रंथपालाने गुप्त राखावी, असा नियम अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेतच घातला होता. परंतु वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने खाते उघडणाऱ्याची प्रत्येक चाहूल त्या कंपनीला लागू शकते, आणि तेथे ग्रंथपालाचा नियम पोहोचत नाही.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर होय. कागदी अंकांचे बांधीव खंड ग्रंथालयाच्या मालकीचे असत. वर्गणी थांबली तरी जुने खंड कपाटात राहत. परवान्याचा करार संपला की अनेकदा मागचे सारे वाचनही संपते. याचे एक उदाहरण मुंबईशीच निगडित आहे. युजीन पॉवर यांनी १९३८ मध्ये अमेरिकेतील अॅन आर्बर येथे युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही संस्था काढली. आजची प्रोक्वेस्ट ही तिचीच वारसदार. तिच्या ऐतिहासिक वृत्तपत्रांच्या संग्रहात ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे अंक १८३८ पासून, म्हणजे ते मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ या नावाने सुरू झाले तेव्हापासून, उपलब्ध आहेत. ज्या अमेरिकन विद्यापीठाने हा संग्रह घेतला आहे तेथील विद्यार्थी मध्यरात्री आपल्या खोलीत बसून एकोणिसाव्या शतकातील मुंबईची बातमी वाचू शकतो. ते वृत्तपत्र ज्या शहरात छापले गेले त्या शहरातील विद्यार्थ्याच्या महाविद्यालयाने मात्र तो घेतला नसेल, तर त्याच्यासाठी ते दार बंद आहे. शहराची स्मृती त्या शहरालाच परत विकत घ्यावी लागावी, अशी ही स्थिती आहे.

महाराष्ट्राने काय करावे?

भारतात सामुदायिक खरेदीचे तत्त्व अपरिचित नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० मध्ये एन-लिस्ट योजनेद्वारे महाविद्यालयांना संशोधनपत्रिका व पुस्तके इंटरनेटवरून उपलब्ध करून दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, असा तिचा विस्तार आहे. योजना स्तुत्य आहे. परंतु ती संशोधनपत्रिकांची आहे. रोजच्या वृत्तपत्रांना तिच्यात स्थान नाही. पदार्थविज्ञानातील ताजा शोधनिबंध विद्यार्थ्यास मिळेल. आपल्या तालुक्यातील धरणाविषयीचा शोधलेख कुंपणाआड असेल तर मात्र मिळणार नाही.

ही गरज काल्पनिक नाही. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे हजारो विद्यार्थी वृत्तपत्रांची पाने मोबाइलवर एकमेकांना धाडीत असतात. ‘दैनिक जागरण’च्या प्रकाशकांनी २०२० मध्ये टेलिग्राम या सेवेविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली ती याच कारणाने. त्यांच्या ई-पेपरचे अंक त्या सेवेवरून फुकट वाटले जात होते, आणि ते वाटप बंद करण्याचा आदेश न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण चोरवाट बंद केल्यानंतर राजरस्ता बांधण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर न्यायालय देऊ शकत नाही. ते विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी द्यावयाचे आहे.

एकेकट्या महाविद्यालयाला ही खरेदी झेपणार नाही, हे उघड आहे. म्हणून विद्यापीठाने आपल्या सर्व संलग्न महाविद्यालयांसाठी प्रमुख मराठी व इंग्रजी दैनिकांशी एकत्र करार करावा. त्या करारात काही अटी आग्रहाने घालून घ्याव्यात. वाचन घरूनही करता यावे. तासिका तत्त्वावरील शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांना त्यातून वगळू नये. ग्रंथालयात प्रत्यक्ष येणाऱ्या माजी विद्यार्थ्यास तेथील संगणकावर वाचण्याची मुभा असावी. वाचकाच्या वाचनाची नोंद त्याच्या नावाशी जोडली जाऊ नये. आणि ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक करार संपल्यावरही ग्रंथालयाकडे राहावेत. वृत्तपत्रांचाही यात तोटा नाही. विद्यार्थिदशेत लागलेली वाचनाची सवय पुढे वर्गणीदार देते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. बातम्या मोबाइलवर फुकट मिळतातच, मग एवढा खटाटोप कशाला? मिळतात हे खरे. पण काय मिळते हे पाहावे. अफवा फुकट मिळते, प्रचार फुकट मिळतो, कोणाच्या तरी पैशाने लिहविलेली स्तुती फुकट मिळते. कागदपत्रे तपासून, दोन्ही बाजू ऐकून, नावानिशी लिहिलेली बातमी तयार करण्यास खर्च येतो, आणि म्हणून तीच कुंपणाआड जाते. ही स्थिती अशीच राहिली तर ज्याच्याकडे पैसा आहे त्याला माहिती आणि ज्याच्याकडे नाही त्याला अफवा, अशी समाजाची विभागणी होईल. मतदानाच्या पेटीपाशी मात्र दोघांचे मत एकच मोजले जाते.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिल्याच सूत्राचा आशय असा की ग्रंथांचे सार्थक जतनात नसून वापरात आहे. ग्रंथपाल कपाटाची कुलपे उघडण्यास कचरत असत, त्या काळातले ते सूत्र. आज कुलूप कपाटाला नसून पडद्याला आहे, एवढाच फरक. आणि ते उघडण्याची किल्ली आजही ग्रंथालयाच्याच हाती असली पाहिजे.