भपका कशाला म्हणायचं?

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी 2023 च्या ऑगस्टअखेरीस मनोज जरांगे पाटलांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणामुळे घराघरांत पोहोचलं. 14 ऑक्टोबरला तिथे विराट सभा झाली. जरांगेंच्या दौऱ्यांत जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली गेली, क्रेनला हार लटकले आणि टीव्हीसमोर बसलेल्यांचा शेरा ठरलेला: "काय हा भपका!"

मोठं ते भपकेबाज, हा पहिला गैरसमज. दारूचा भपका येतो, स्वस्त अत्तराचाही येतो. मोगऱ्याचा मात्र दरवळ. नको असताना अंगावर येतं ते भपक्यात मोडतं. त्यात आतल्या पोकळपणाचा वास मिसळला की दुसरा अर्थ तयार. थाट हा वेगळा, मानाचा शब्द. लग्नपत्रिकेत 'थाटामाटात' छापतात, 'भपक्यात' कुणी छापल्याचं पाहिलंय? वावर गहाण टाकून हजार पानं उठवली तर तो भपका. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते हेच. 2025 मध्ये अहिल्यानगरला मराठा समाजाच्या बैठकीत लग्नाची आचारसंहिता ठरली. डीजे नको, प्री-वेडिंग नको. तिचा रोख या भपक्यावर होता.

मग जेसीबीची फुलं? लोकांनी स्वतःहून, हौसेनं उधळली असतील तर अतिरेक म्हणा हवं तर, भपका नव्हे. तोच जेसीबी एखाद्या भावी नगरसेवकानं स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच्याच पैशानं उभा केला, तर मात्र भपकाच, शंभर टक्के.

दुसरा गैरसमज म्हणजे भडक, बटबटीत, भपकेबाज सगळं एकच. भडक हे मुळात रंगाचं विशेषण. बटबटीत डोळे म्हणजे बाहेर आलेले. त्यावरून नटाचा अभिनयही बटबटीत होतो, चित्रातली रेघही.

आणि रंग भडक म्हणजे अभिरुची हलकी, हे तर साफ चूक. जवळच्याच पैठणची पैठणी बघा. पोपटी अंगाला राणी रंगाचे काठ, पदरावर जरीत विणलेले मोर. याहून भडक काय असणार? तरी तिला कुणी भपकेबाज म्हणत नाही, कारण ती आतून पोकळ नाही. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलट्या बाजूनंही सुलट बाजूसारखाच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत बहुधा मागे सुटे धागे लोंबत असतात. घेताना पदर उलटून बघा.