वकिलाच्या फीसाठी थांबू नका

कल्याणचा एक शिंपी आमच्याकडून उधारीवर अस्तर नेत असे. भाड्याच्या गाळ्यावरून त्याच्यावर दावा झाला. समन्स घेऊन तो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "मास्टर, आधी वकिलापुरते पैसे जमवा." पैसे जमेपर्यंत चार महिने गेले. दिवाणी दाव्यात समन्स हाती आल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यावा लागतो, साधारणतः फार तर ९० दिवसांपर्यंत मुदत मिळते. निकाल एकतर्फी झाला, गाळा गेला. आता त्याची मशीन एका जिन्याखाली आहे. सल्ला आमचा, नुकसान त्याचे.

आम्हास ठाऊक नव्हते की, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. महाराष्ट्रात ज्याचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत आहे, त्यास मोफत वकील मिळतो. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्चही त्यातच येतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही.

आपल्या बाजारात गैरसमज असा की, दुकानदार गरीब कसा? बंधूंनो, गल्ल्यात पडते ते सारे उत्पन्न नव्हे. माल, भाडे, वीजबिल, कारागिराची मजुरी वजा जाता घरी काय पोहोचते ते पाहा. रफूगर, शिंपी, जरीकाम करणारे यांतील पुष्कळजण या मर्यादेत बसतील असे आम्हास वाटते.

ठाण्यात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कल्याण-डोंबिवलीकरांनी कल्याण न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जावे. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंतीही चालते. उत्पन्नाबाबत स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यायची नाही, मागितल्यास तेथेच तक्रार करावी. फुकटचा वकील मन लावून काम करील काय, असे लोक विचारतात. पैसे मोजून केलेला वकील तारखा घेत नाही काय?

उधारीचा किंवा न वटलेल्या चेकचा तंटा लोकअदालतीत मिटू शकतो. तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्यापूर्वी रकमेचा आकडा दोनदा वाचावा.

चौकशीसाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे. जाताना समन्स व भाडेपावत्या न्याव्यात, आणि समन्स कोणत्या तारखेस मिळाले ते पाकिटावर लिहून ठेवावे.